कापसाची गाठ आणि मुंबईची चाळ

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्यासारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाने मुंबईच्या चाळींची चिंता का वाहावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर कापसात आहे. इ. स. १९२० मध्ये मुंबई सरकारने कामगारांसाठी घरे बांधावयाचे ठरविले, तेव्हा त्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. खामगावपर्यंत आगगाडी १८७० मध्येच आली होती आणि वऱ्हाडचा कापूस तिच्यातून मुंबईस जात होता. व्यापारी आपला कर कोणाच्या भावातून वसूल करतो, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. तेव्हा वरळी-नायगावच्या त्या भिंतींत आपल्या काळ्या रानाचाही अल्पस्वल्प वाटा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या घरबांधणीचे मूळ १८९६ च्या प्लेगात आहे. त्या साथीने भेदरलेल्या सरकारने १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते निघाले, हवा खेळू लागली. परंतु ज्यांची घरे पडली त्यांनी जावे कोठे? आरंभी ट्रस्टने पाडले अधिक आणि बांधले कमी. एका गल्लीतून उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन दाटली. पुढे ट्रस्टनेही चाळी उभारल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात राहत होते.

ट्रस्टच्या पुढचे पाऊल म्हणजे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत निघालेले डेव्हलपमेंट खाते. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात १९२० ते १९२५ च्या सुमारास २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२. चार मजल्यांची एकेक चाळ, तीत ऐंशी खोल्या आणि खोली अवघी १६० चौरस फूट! आपल्याकडील वाड्याचे माजघरही याहून ऐसपैस असते. संडास मजल्यागणिक सामायिक. येथे संसार कसा थाटावयाचा, हे संसार करणारीला कोणी विचारल्याचे दिसत नाही. खर्चाचा आणि भाड्याचा मेळ घालून खोलीचे माप ठरले. त्यातही गंमत अशी की, भाडे कामगाराला झेपेना, वरळी गिरण्यांपासून दूर पडे, म्हणून पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे ओस राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंगासारखा उपयोग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत देशभक्त कैदी आले!

मागाहून मात्र त्याच खोल्या इतक्या भरल्या की, पाळीपाळीने निजण्याची वेळ आली. मुले गॅलरीत अभ्यास करीत, म्हातारी माणसे तेथेच निजत. लग्नकार्य निघाले की सारा मजला एका घराचा होई. खात्याच्या हिशेबात जे घर नव्हते ते रहिवाशांनी त्या अरुंद सज्जात मिळविले. दारिद्र्याचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. पहाटे संडासापुढे रांगेत उभी राहणारी सून त्या कौतुकात कधीच सामील झाली नसती.

शिवडीची जमीन बंदर खात्याची असल्यामुळे तेथील चाळी वगळून उरलेल्या १९५ चाळींच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले आणि एप्रिल १९१७ नव्हे, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये वरळीस भूमिपूजन झाले. पात्र भाडेकरूस ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य, आणि त्याचे मालकी हक्कही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. खर्च भागावा म्हणून त्याच जमिनीवर विक्रीचीही घरे व्हावयाची आहेत. एके काळी कापसाच्या गाठीने जो भार उचलला तो आता जमिनीच्या किमतीने उचलावयाचा, एवढाच येथे फरक. घर मिळाले हे उत्तमच झाले. पण चाळीस मजली इमारतीचे उद्वाहक, पंप आणि दिवे फुकट चालत नाहीत. आरंभीची काही वर्षे सरली की तो खर्च रहिवाशांवर येणार, आणि तो न पेलणारे कुटुंब घर भाड्याने देऊन दूर उपनगरात जाईल, ही भीती निराधार नाही.

याहून अवघड प्रश्न घरातलाच आहे. खोलीची भाडेपावती एकाच्या नावाची. तिच्यावर वाढलेले भाऊ तीन. एक विरारला गेला, दुसरा बदलापुरास, तिसरा आईवडिलांजवळ राहिला. १६० चौरस फुटांच्या खोलीसाठी कोणी भांडले नसते. ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घराची गोष्ट वेगळी. बहिणीचाही हक्क निघतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यातील दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. म्हाडाच्या यादीत नाव एकाचे लागले तरी घराचा हिशेब त्या भावंडांना आपापसातच, आणि आई हयात आहे तोवर, करावयाचा आहे.