समीकरण वाचता येते, तर टाइपही करता येते

गडचांदूरमध्ये डिसेंबर-जानेवारी आला की शिकवणी घेणाऱ्यांची एक धावपळ सुरू होते. दहावी-बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर हाताने लिहायचे, डीटीपीच्या दुकानात द्यायचे आणि प्रूफ हाती आले की कपाळाला हात लावायचा. टाइप करणाऱ्याला तरी काय बोलणार? त्याचा हात लग्नपत्रिका, बॅनर आणि अर्जांवर बसलेला. कागदावर २ चा १० वा घात असतो; घाताचा १० खाली उतरतो आणि छापून येते २१०. खरी किंमत १०२४. विद्यार्थी रीत बरोबर वापरतो, उत्तर उत्तरसूचीशी जुळत नाही आणि अर्धा तास स्वतःलाच दोष देत बसतो. कधी वर्गमुळाचे छप्पर एका पदावर थांबायचे ते तीन पदांवर पसरते. कधी अपूर्णांकाची आडवी रेघ तिरकी होते आणि छेदात नेमके काय होते, ते कळतच नाही.

याच गावात, आपल्याच मोहल्ल्यांत, गणित घेऊन बीएस्सी झालेल्या मुली घरी बसून आहेत. सिमेंटच्या गावात त्यांच्याजोगे काम थोडे, आणि राजुऱ्यावरून रोज चंद्रपूरला ये-जा करायला प्रत्येक घरातून होकार मिळतोच असे नाही. तो मिळावा, असे माझे मत आहे. पण तोवर शिकलेले गणित गंजू का द्यायचे? गणित कळणारी व्यक्ती आणि गणित छापून हवे असणारी व्यक्ती एकाच गल्लीत राहतात. मध्ये अडते ते एक साधन शिकण्यापाशी.

त्या साधनाचे नाव लेटेक. गाद्या आणि हातमोज्यांच्या लॅटेक्सशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेतले गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. जुन्या शिशाच्या खिळ्यांची जागा नव्या यंत्राने घेतली होती आणि पाने त्यांना बघवेनात. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. काही महिन्यांचे काम वाटले होते, त्यात वर्षे गेली. १९७८ मध्ये ‘टेक’ची पहिली आवृत्ती आली आणि ती त्यांनी सर्वांना मोफत दिली. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सोपा साज चढवला, तो लेटेक. आज जगभरातल्या गणिताच्या संशोधनपत्रिका यातच जुळवल्या जातात. टेकच्या आवृत्त्यांचे क्रमांक पायच्या किमतीकडे सरकतात, दर सुधारणेला एक आकडा वाढतो. गणितज्ञाची गंमत, दुसरे काय!

यात समीकरण माउसने ‘काढायचे’ नसते, ते शब्दांनी सांगायचे असते. ही रीत आपल्याला परकी वाटायला नको. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा चिन्हे नव्हतीच. वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून ३९, असे समीकरण त्यांनी पूर्ण शब्दांत मांडले होते. (उत्तर ३, घरातल्या आठवीच्या मुलाला ताळा करायला सांगा.) लेटेकमध्येही तसेच. अपूर्णांक हवा, तर उलटी तिरकी रेघ, तिला लागून रोमन अक्षरांत ‘फ्रॅक’, मग एका महिरपी कंसात अंश, दुसऱ्या महिरपी कंसात छेद. घातासाठी ^ हे चिन्ह आणि पुढे महिरपी कंसात घात. तो कंस विसरलात, तर १० मधला १ तेवढा वर जातो आणि ० खालीच राहतो! म्हणूनच हे काम गणित कळणाऱ्याचे आहे. वर्गमुळाचे छप्पर कुठे संपते, हे ज्याला वाचता येते, त्यालाच कंस कुठे मिटायचा ते कळते.

पहिल्या दिवशी डोके फिरते, हेही सांगायला हवे. एक कंस मिटायचा राहिला, की पान तयार होत नाही, फक्त चुकीच्या ओळीचा क्रमांक दिसतो. तिथे आणि त्याच्या वरच्या ओळीत शोधायचे.

आकृत्यांना मात्र सुरुवातीला हात लावू नये. पेपरातला साधा मजकूर आणि समीकरणे बसली, की मग ‘टिक्झ’ घ्यावे. टिल टांटाऊ या जर्मन प्राध्यापकांनी ते केले आणि ‘हा चित्रकलेचा प्रोग्रॅम नव्हे’ हे त्याच्या नावातच गुंफले. खरेच, इथे चित्र काढत नाहीत, निर्देशांक देतात. (०,०), (४,०) आणि (०,३) हे तीन बिंदू सांगून जोडले, की कोन काटेकोर ९० अंशांचा आणि कर्ण बरोबर ५ चा. माउसने ओढलेल्या त्रिकोणात पायथागोरसचा सिद्धान्त बऱ्याचदा डोळ्यांदेखत खोटा ठरतो. वर्तुळ, स्पर्शिका यांचे निर्देशांक काढणे जड वाटले, तर जिओजेब्रा या मोफत प्रोग्रॅममध्ये आकृती करून तिचा टिक्झचा मजकूर काढून घेता येतो.

मराठीचे काय? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इथे चालत नाही, युनिकोड हवे. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. झीलेटेक या प्रकारात युनिकोडचा फॉन्ट नेमून दिला, की जोडाक्षरे नीट उमटतात आणि मराठी वाक्यात समीकरण सहज बसते.

शिकायला पैसा लागत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात प्रा. कन्नन मौदगल्य यांनी लेटेकवर छोटे दृक्-श्राव्य पाठ केले आहेत. पाठ थांबवत थांबवत, शेजारी तेच करून पाहायचे, अशी त्यांची पद्धत आहे. मोबाइलवर पाठ आणि संगणकावर सराव, असे जमते. संगणक जुना असला तरी चालतो. संपूर्ण संच उतरवायला काही जीबी लागतात, तो एकदाच घ्यावा. मग नेट गेले तरी काम थांबत नाही. नेट बरे असेल, तर ब्राउझरमध्येच ओव्हरलीफ उघडून आजच सुरुवात होईल. कोणी फक्त वर्डच वापरत असेल, तर त्याच्या नव्या आवृत्त्यांच्या समीकरणाच्या चौकटीतही लेटेकची हीच भाषा चालते. शिकलेले वाया जात नाही.

उर्दू घरांतल्या वडीलधाऱ्यांना कातिब आठवत असतील. उर्दू छपाईचा मोठा भार कित्येक पिढ्या त्यांच्या बोरूवर होता. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला यांनी अक्षराची उंची-रुंदी लेखणीच्या नुक्त्याने मोजायची शिस्त घातली. टेकही जागा पॉइंटनेच मोजते, एका इंचात ७२.२७. पुढे १९८१ च्या सुमारास नूरी नस्तालीक संगणकावर आली आणि कातिबांचे काम झपाट्याने ओसरले. ज्यांनी वेळीच कळफलक धरला, ते तरले.

कामाला सुरुवात ओळखीच्या एका शिकवणीपासून करावी. दर पानावर ठरवा आणि आकृतीचा वेगळा. दुकानदाराला पीडीएफच द्या, मूळ फाइल त्याच्याकडे उघडणार नाही. छापण्याआधी प्रत्येक गणित स्वतः सोडवून पाहा. हे दुकानात कोणी करत नाही आणि तुमच्या पैशांचे खरे मोल तेच आहे. पुढे गोंडवाना विद्यापीठातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि प्रबंध मिळू शकतात. मूळ फाइली मात्र वर्षवार जपून ठेवा. पुढल्या जानेवारीत तोच शिक्षक येईल, आणि तेव्हा फक्त आकडे बदलावे लागतील.