रुळांशेजारचा अदृश्य उजेड

दोस्तांनो, नाशिक रोड स्टेशनात गाडीची वाट पाहत कधी उभे राहिलात? तिथे रुळांच्या कडेने, जमिनीखाली, केसासारख्या बारीक काचेच्या तारा जातात. त्यांतून रेल्वेचे निरोप लेसरच्या अदृश्य उजेडावर धावतात. हा लेसर तांदळाच्या दाण्याहूनही लहान!

पण साध्या लेसरची एक खोड आहे. तो एकदम अनेक लांबींच्या लहरी सोडतो. काचेत प्रत्येकीचा वेग निराळा. लांब पल्ल्यावर काही पुढे जातात, काही मागे रेंगाळतात आणि निरोपाचा काला होतो!

यावर तोड काय? १९७१ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या कोगेलनिक आणि शँक यांनी ती दाखवली. लेसरच्या पोटातच समान अंतरावर रेषा ठेवायच्या. आज लांबच्या तारांसाठी वापरतात त्या लेसरमध्ये या रेषा म्हणजे कंगव्यासारखे दाते. केसाच्या जाडीत सुमारे तीनशे मावतील! प्रत्येक दाता थोडा उजेड परत फिरवतो. झोक्याला ठेक्यात धक्के दिले की तो उंच जातो ना? तसंच दात्यांच्या ठेक्यात बसणारी एकच लहर वाढते, बाकीच्या मागे पडतात. लेसर थोडा तापला तरी ती फारशी ढळत नाही.

घरी जुनी सीडी असेल तर दिव्याखाली तिरकी धरा. दिसले रंग? तोही बारीक रेषांचाच खेळ! मात्र लेसरच्या झोतात कधीही डोकावू नका हं!