चिंचोके, विहिरी आणि गावसभा

‘पाणी जपून वापरा’ ही पाटी शाळेच्या भिंतीपासून एस. टी. स्टँडपर्यंत सगळीकडे दिसते. वाचणाऱ्याला ती पटतेही. पण शेतावर गेल्यावर तो पंप सुरू करतोच. माहिती दिली की माणसे वागणूक बदलतात, हे गृहीतक पर्यावरण-संवादाच्या अभ्यासकांनी अनेकदा तपासून पाहिले आहे, आणि ते बहुधा अपुरे ठरले आहे. भूजलाच्या बाबतीत तर ते फारच लंगडे पडते. धरणातले पाणी आटताना दिसते. खडकाच्या भेगांतले आणि मुरुमातले पाणी दिसत नाही. ‘माझ्या विहिरीचा झरा वेगळा’ असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात शेजारच्या विहिरी बहुधा एकाच साठ्यात दोर सोडून असतात.

आंध्र प्रदेशात यावर एक वेगळा प्रयोग झाला. रूथ मायन्झेन-डिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ या संस्थेबरोबर गावकऱ्यांना चक्क एक खेळ खेळायला दिला. वर्गात तो चिंचोक्यांवर खेळता येईल. (पुढचे आकडे आपल्या सोयीचे आहेत.) पाच मुले हे पाच शेतकरी. मध्ये 50 चिंचोके, म्हणजे जमिनीतले पाणी. दरवर्षी प्रत्येकाने पीक निवडायचे. ज्वारीला 1 चिंचोका लागतो, मिळकत 2 रुपये. उसाला 3 चिंचोके, मिळकत 5 रुपये. वर्षाअखेर पावसाचे 5 चिंचोके परत टाकायचे. सगळ्यांनी ज्वारी घेतली तर साठा कायम 50 राहतो. सगळ्यांनी ऊस घेतला तर दरसाल 10 ने घटतो आणि पाचव्या वर्षी उरलेल्या 10 चिंचोक्यांत पाच जणांचा ऊस बसत नाही. एकट्याने ज्वारी घेऊन भागत नाही, हे मुलांना तिसऱ्या वर्षीच कळते. बहुतेक वर्गांत इथेच भांडण सुरू होते. ते थांबवू नये.

2018 साली प्रसिद्ध झालेले या प्रयोगाचे निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. खेळताना आपसात बोलू दिल्याचा पहिल्या वर्षी काही उपयोग झाला नाही; दुसऱ्या वर्षी मात्र बोलणाऱ्या गटांनी पाणी टिकवण्याची शक्यता वाढली. खेळातल्या मिळकतीप्रमाणे खरे पैसे दिल्याने पिकाच्या निवडीत फरक पडला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच संस्थेच्या कार्यक्रमातील इतर गावांच्या तुलनेत खेळ झालेल्या गावांपैकी बऱ्याच जास्त गावांनी पाण्याची नोंदवही सुरू केली आणि उपशाचे नियम केले. प्रत्येक खेळानंतर गाव एकत्र बसून त्यावर चर्चा करत असे. माझ्या मते खरा संवाद तिथे झाला. खेळ हे त्याचे निमित्त. अभ्यासकांनी एक इशाराही दिला आहे. पाण्याची पातळी अनेक कारणांनी हलते, त्यामुळे नुसत्या खेळाने भूजलाची घसरण थांबणार नाही.

आपल्याकडे हिवरे बाजारने खेळाविनाच हा मार्ग धरला. तिथे झालेल्या पावसावरून गावसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग उरलेल्यात बसतील ती पिके. शेतीसाठी बोअरवेल नाही. ताळेबंदाचे गणित आठवीच्या मुलांना जमेल इतके सोपे आहे : 1 हेक्टरवर 100 मिलीमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर पाणी. त्यातले वाहून किती जाते, वाफ होऊन किती उडते आणि मुरते किती, हा प्रश्न मात्र अवघड. त्याचे उत्तर विहिरीत पाहावे लागते.

शाळेजवळच्या दोन-तीन विहिरी त्यासाठी पुरेत. एका दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारून टोकाला दगड बांधावा. विहिरीच्या काठावर खडूने एक खूण करून दर वेळी तिथूनच, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, मापावे. दोर शिक्षकांनी किंवा पालकांनी सोडावा, मुलांनी गाठी मोजाव्यात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा घेतलेला आकडा शाळेच्या फळ्यावर नव्हे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, विहिरीच्या मालकाला विचारून.