मांडीवरील रेखा

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याने जाताना शरीरसौष्ठव स्पर्धेचा एखादा फलक दृष्टीस पडला, तर त्यावर छाती व दंड यांचाच थाट असतो. पाय बहुधा चौकटीबाहेर राहतात. परीक्षक मात्र पायांस वगळीत नाहीत. ठरलेल्या मुद्रांपैकी एक तर पोट व मांडी यांकरिताच असते. कोल्हापूरचे सुहास खामकर यांनी २०१० साली ‘मिस्टर एशिया’ हा किताब मिळविला, हे आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत आहे. परंतु व्यायामशाळेत ज्याला ‘कट’ म्हणतात तो मांडीवर उमटतो कसा, हे थोड्यांसच ठाऊक असते.

मांडीच्या पुढील भागी चार शिरांचा एक मोठा स्नायू आहे. त्याच्या शिरांमधील खाचा प्रत्येकाच्या देहात असतातच. त्वचेखालील चरबीने त्या झाकलेल्या असतात. ज्या अवयवास व्यायाम द्यावा तेथलीच चरबी झडते, हा समज खोटा आहे. चरबी सर्वांगातून उतरते व ती आहाराने उतरते. म्हणून स्पर्धक सुमारे तीन-चार महिने आधी जेवण थोडे घटवितो; मात्र अंडी, मासळी, डाळी, उसळी कमी करीत नाही.

येथेच पुष्कळांची फसगत होते. स्पर्धा जवळ आली की ते जड वजने टाकून हलक्या बैठकांचे शेकडे मोजू लागतात. अन्न कमी पडले असता शरीर जो स्नायू कामी येत नाही तो खर्ची घालते. तेव्हा ज्या भाराने मांडी भरली, तोच भार शक्यतो शेवटपर्यंत ठेवावा. बैठकांची संख्या थोडी कमी केली तरी चालेल. शेवटचे काही दिवस मात्र पायांस विश्रांती द्यावी, कारण दुखऱ्या स्नायूत सूज येऊन रेखा पुसट होतात. मुद्रांचा सराव रोज करावा. मांडी आवळून स्थिर उभे राहणे हा स्वतःच एक कठीण व्यायाम आहे, पाहणाऱ्यास तो तसा वाटत नाही इतकेच.

पालकांनी पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा. अखेरच्या आठवड्यात पाणी तोडण्याची, किंबहुना लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेण्याची चाल या क्षेत्रात आहे. स्नायूचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणीच आहे. ते गेले की मांडी भरीव न दिसता सुकलेली दिसते. शिवाय रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदय बंद पडू शकते. मोहम्मद बेनअझीझा हा नामांकित मल्ल १९९२ साली हॉलंडमधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. तो अवघ्या तिशीतला होता.

वाढत्या वयाच्या मुलाने आहार घटविण्याच्या वाटेस जाऊच नये. त्याला पोटभर भाकरी, बैठका व मैदानावरील धावणे पुरे. घरी कोणी अशी गोळी आणलेली आढळल्यास ती प्रथम डॉक्टरांस दाखवावी.