टोपीचोर वारा आणि दोन मीटरची पायवाट

आधी उच्चाराचं बघून घेऊ. स्पेलिंग वाचून 'नाइस' म्हणाल तर फसाल. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या शहराचं नाव 'नीस'. त्याच्या समुद्रकाठच्या रस्त्याचं नाव 'प्रोमनाद दे-झांग्ले', म्हणजे इंग्रजांची फिरायची जागा. गावातली माणसं एवढं लांबलचक नाव घेत बसत नाहीत. 'प्रोम' म्हणतात, झालं! पश्चिमेला विमानतळ, पूर्वेला जुन्या किल्ल्याची टेकडी आणि मध्ये सुमारे ७ किलोमीटरचा काठ. आपण विमानतळाकडून निघू, म्हणजे डाव्या हाताला हॉटेलं आणि उजव्या हाताला भूमध्य समुद्र राहील.

फ्रान्सचा रस्ता, नाव इंग्रजांचं

१८२०-२१ चा हिवाळा इथे फार कडक गेला. संत्र्यांच्या बागा गारठ्याने करपल्या, मजुरांच्या हातचं काम गेलं आणि भुकेली माणसं शहरात आली. त्या काळी नीस फ्रान्समध्ये नव्हतंच, सार्डिनियाच्या राज्यात होतं. थंडी टाळायला आलेले श्रीमंत इंग्रज मात्र तेव्हाही इथे मुक्काम ठोकून असायचे. त्यांच्या चर्चचे पाद्री ल्युइस वे यांनी आपल्या मंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि ती भीक म्हणून वाटण्याऐवजी या माणसांना काम दिलं. काम काय, तर समुद्राच्या कडेने एक पायवाट बांधायची. रुंदी फक्त २ मीटर!

महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. युरोपातला हा झगमगता रस्ता मुळात पोटासाठी काढलेलं काम आहे. मला या रस्त्याची सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. घुमट, झुंबरं, कॅसिनो सगळं नंतर आलं.

स्थानिक नीसार बोलीत लोक त्या पायवाटेला 'इंग्रजांची वाट' म्हणू लागले. १८६० मध्ये नीस फ्रान्सला जोडलं गेलं आणि त्याच बोलीभाषेतल्या नावाला फ्रेंच रूप मिळालं. पुढे रस्ता रुंद होत गेला. १९३१ मध्ये आजच्या थाटाच्या रस्त्याचं उद्घाटन झालं, तेही व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते.

वाळू शोधू नका

नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, आहेत ते गोटे. राखाडी, गुळगुळीत, आल्प्सच्या डोंगरांतून व्हार आणि पायों या नद्यांनी घासत घासत आणलेले. लाट मागे फिरली की ते एकमेकांवर घरंगळतात आणि भांड्यात हरभरे खळखळावेत तसा आवाज येतो. अनवाणी चालायचा हट्ट करू नका, साध्या रबरी चपला बरोबर ठेवा.

उपसागराचं नाव देवदूतांचा उपसागर. एक दंतकथा सांगते, की संत रेपाराता या मुलीचा मृतदेह असलेली होडी देवदूतांनी इथे किनाऱ्याला लावली. दुसरं म्हणणं असं, की पंखांसारखे पर असलेला 'एंजल शार्क' जातीचा मासा इथे कोळ्यांच्या जाळ्यात यायचा, त्यावरून हे नाव पडलं. मला मासा जास्त पटतो.

खानावळवाल्याचा मुलगा आणि गुलाबी घुमट

मध्यावर येताच गुलाबी घुमट दिसतो तो हॉटेल नेग्रेस्कोचा. आँरी नेग्रेस्को हा बुखारेस्टच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. नशीब काढायला तो पश्चिमेकडे आला आणि १९१३ मध्ये त्याने हे हॉटेल उघडलं. आतलं बाकारा कारखान्याचं झुंबर १६,३०९ स्फटिकांचं आहे. रशियाच्या झारने असं झुंबर मागवलं होतं, पण क्रांती झाली आणि ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, असं सांगतात.

दीड वर्षातच पहिलं महायुद्ध पेटलं. हॉटेलचं इस्पितळ झालं, पलंगांवर जखमी सैनिक आले. नेग्रेस्को त्या फटक्यातून सावरला नाही. १९२० मध्ये तो गेला तेव्हा खिसा रिकामा होता, पण दारावरचं नाव मात्र आजही त्याचंच आहे. १९५७ मध्ये हॉटेल ओजिए कुटुंबाने घेतलं. जान ओजिए या बाईंनी ते चित्रांनी, जुन्या वस्तूंनी भरून टाकलं आणि २०१९ मध्ये वारेपर्यंत जपलं.

नर्तकीचा स्कार्फ

१४ सप्टेंबर १९२७ ची संध्याकाळ. आधुनिक नृत्याला वाट करून देणारी अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन याच रस्त्यावर एका उघड्या गाडीत बसली. गळ्यात लांब रेशमी स्कार्फ. गाडी सुटली, स्कार्फ मागच्या चाकात गुंतला आणि जागीच तिचा अंत झाला. वय अवघं ५० वर्षं.

कॅमेऱ्याने काय पाहिलं

१९३० मध्ये झाँ व्हिगो या पंचविशीतल्या तरुणाने 'आ प्रोपो द नीस' हा मूकपट केला. लांबी अर्ध्या तासाहूनही कमी. प्रोमवर खुर्च्यांत सुस्तावलेली धनिक मंडळी आणि मागच्या जुन्या गल्ल्यांतली गरिबी त्याने एकापुढे एक ठेवली. शंभर वर्षांपूर्वी वाट बांधणाऱ्यांचीच वस्ती जणू त्याने पडद्यावर आणली! छायालेखक होता बोरिस कॉफमन. याच कॉफमनला पुढे 'ऑन द वॉटरफ्रंट' साठी ऑस्कर मिळालं. व्हिगो मात्र २९ व्या वर्षी गेला. नीसला जाणार असाल तर आधी हा चित्रपट बघाच.

समुद्रावरचा कॅसिनो

जुन्या चित्रांत समुद्रात खांबांवर उभा असलेला एक घुमटदार महाल दिसतो. तो जेते-प्रोमनाद कॅसिनो. १८८३ च्या एप्रिलमध्ये आगीत जळाला, १८९१ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने धातूसाठी मोडून नेला. आता तिथे नुसतं पाणी आहे.

निळ्या खुर्च्या

प्रोमची खरी ओळख म्हणजे समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या निळ्या खुर्च्या. त्यांचा घाट शार्ल तोर्दो यांचा, १९५० चा. एके काळी खुर्चीवर टेकायलाही पैसे मोजावे लागत. आता कुणीही यावं, हवं तेवढं बसावं. पेन्शनर पेपर वाचतात, पोरं आइस्क्रीम खातात. पाद्रीबाबांची पायवाट अशी पुरी सगळ्यांची झाली.

म्हणूनच १४ जुलै २०१६ ची रात्र इतकी जिव्हारी लागते. राष्ट्रीय दिनाची आतषबाजी बघायला घरंच्या घरं काठावर जमली होती. त्या गर्दीत एक ट्रक घालण्यात आला आणि ८६ माणसं मेली, त्यांत लहान मुलंही होती. त्यांच्या स्मरणार्थ काठावर एका देवदूताचा पुतळा उभा आहे. तिथे दोन मिनिटं थांबा.

पोटोबा

पुढे जुन्या शहरात शिरा आणि 'सोक्का' मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ हे सगळं तांब्याच्या भल्यामोठ्या ताटात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालतात. आपलं बेसनाचं धिरडंच, पण कडा खरपूस आणि मध्ये लुसलुशीत. हाताने खायचं.

जेवणाच्या वेळेचीही इथे गंमत आहे. १८६० च्या दशकात टॉमस कॉव्हेन्ट्री नावाच्या स्कॉटिश गृहस्थांची बायको गप्पांत रमून दुपारच्या जेवणाला उशीर करायची. त्यांनी टेकडीवरून बरोबर बाराला तोफ उडवायची व्यवस्था केली, असा किस्सा आहे. आज तोफ नाही, पण बाराचा बार रोज उडतो. १ एप्रिलला मात्र तो अकरालाच उडवून अख्ख्या गावाला एप्रिल फूल करतात!

टोपीचोर

टेकडीला वळसा घालणाऱ्या कोपऱ्याचं नाव 'रौबा कपेऊ'. नीसार बोलीत अर्थ टोपीचोर, कारण इथला वारा डोक्यावरची टोपी उडवतो. याच कोपऱ्यावर जमिनीत एक सूर्यघड्याळ आखलंय. त्याला काटा नाही. चालू महिन्याच्या खुणेवर उभे राहा, तुमची सावली ज्या आकड्यावर पडेल ती वेळ. ऊन असेल अशा दिवशी जा आणि टोपी हातात धरा.