थकलेले कर्ज आणि हाती आलेली नोकरी

बँक भरतीचे निकाल लागले की बारामती-इंदापूर परिसरातील चार-दोन मुले कागदपत्रे घेऊन आमच्या टेबलापाशी येतात. आम्ही बँकेत कारकून असल्यामुळे आम्हाला यातले सगळे ठाऊक असेल, असा त्यांचा समज असतो. मागे इंदापूर तालुक्यातील असाच एक मुलगा आला. आईवडील शेतमजूर, आणि हा घरातला पहिला पदवीधर. हातात निवडपत्र होते. पण चेहरा उतरलेला. चुलतभावासाठी त्याने स्वतःच्या नावावर हप्त्याने मोबाईल घेतला होता. शेवटचे दोन हप्ते भावाने भरलेच नाहीत. रक्कम तीन हजारांच्या आतली, पण पतअहवालात ‘थकबाकी’ म्हणून नोंद झालेली, आणि रुजू होण्यास तीन आठवडे उरलेले. या प्रसंगावरून हा विषय समाजबांधवांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, मांडावा असे वाटले.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कर्ज थकणे हा गुन्हा नव्हे. ती दिवाणी बाब आहे. सरकारी नोकरीपूर्वी पोलिसांकडून जी चारित्र्य पडताळणी होते, तिचा रोख अटक, खटला, शिक्षा यांवर असतो. मात्र कर्जापोटी दिलेला धनादेश वटला नाही, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे साधी थकबाकी पुढे फौजदारी प्रकरणात जाऊ शकते. अशी नोटीस आली तर ती घडी घालून ट्रंकेत ठेवू नये. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली, तर खटला टळतो.

बँकेच्या नोकरीत कसोटी अधिक कडक आहे. स्टेट बँकेच्या एका भरतीत, कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी नोंदलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र ठरेल, अशी अट जाहिरातीतच होती. त्या अटीवरून एका उमेदवाराची नेमणूक २०२१ साली रद्द झाली. आपण कर्जे आधीच फेडली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. तरीही २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याला स्वतःच्या पैशाची शिस्त हवी, असा त्यामागील विचार. म्हणून जाहिरातीतील बारीक अक्षरातील अटी फॉर्म भरण्यापूर्वीच वाचाव्यात.

नोकरी लागल्यावरही हा विषय संपत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १७ वा नियम सांगतो, की कर्मचाऱ्याने सतत कर्जबाजारी राहणे टाळावे. कर्जवसुलीचा दावा दाखल झाल्यास त्याची माहिती तत्काळ सरकारला द्यावी. परिस्थिती आवाक्याबाहेरची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते.

अमेरिकेत गोपनीय कामासाठी सुरक्षा परवानगी देताना थकीत कर्जाचा स्वतंत्र विचार होतो. कर्जात बुडालेला माणूस आमिषाला किंवा दडपणाला बळी पडू शकतो, ही त्यातील भीती. पण आजारपणामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे कर्ज थकले आणि माणूस प्रामाणिकपणे ते फेडीत असेल, तर ते त्याच्या बाजूने धरले जाते. यातील बोध आपल्यालाही उपयोगी आहे. कर्ज होते की नाही एवढेच पाहिले जात नाही. आपण त्याचे काय केले, हेही पाहिले जाते.

मग करावे काय? पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत. सिबिल ही त्यांतील सर्वांच्या तोंडी असलेली. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. परीक्षेचा अभ्यास सुरू करतानाच तो काढावा. चुकीची नोंद आढळल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. थकबाकी भरल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावाच. सूट घेऊन तडजोड केली तर अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, ‘क्लोज्ड’ नव्हे. हा फरक पुढे महागात पडतो.

आणखी एक. आपल्याकडे भिडेखातर जामीन राहण्याची रीत आहे. मित्राच्या ट्रॅक्टरला, मेव्हण्याच्या मोटारसायकलला आपण डोळे झाकून सही करतो. आम्हीही एकदा केली आणि वर्षभर दुसऱ्याचे हप्ते भरले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ते कर्ज त्याच्याही अहवालात दिसते.

कर्जच काढू नका, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण आपले नाव दुसऱ्याच्या हौसेसाठी उसने देऊ नका.

त्या मुलाने दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. दाखल्यासाठी त्याला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, पण तो वेळेत मिळाला आणि तो रुजू झाला. दोन हप्त्यांपायी एका घराची पहिली नोकरी जाता जाता राहिली. प्रत्येकाला तीन आठवडे मिळतीलच असे नाही.