चवीपुरतं मीठ

सगळा मसाला नीट पडलाय, फोडणी झकास बसलीय, आणि पहिल्या घासाला कळतं की आमटीत मीठच नाही! एका जातीच्या सोलर पॅनेलची गतही अगदी अशीच असते, हे सांगितलं तर तुम्हाला गंमत वाटेल.

घरांच्या छपरांवर दिसतात ती पॅनेल्स बहुधा सिलिकॉनची. दुसऱ्या जातीत काचेवर कॅडमियम टेल्युराइडचा जेमतेम तीन मायक्रॉनचा थर देतात. आपला केस याच्या वीसपट तरी जाड! कॅलिफोर्नियातलं ५५० मेगावॉटचं टोपाझ वीजकेंद्र याच जातीचं आहे.

पण हा थर नुसता चढवला तर कार्यक्षमता एक आकडी टक्क्यांतच घुटमळते. म्हणून त्यावर कॅडमियम क्लोराइड (रसायनशास्त्राच्या हिशेबी तेही मीठच) पसरून सुमारे ४०० अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजतात. मग तोच थर भरपूर वीज देऊ लागतो. २०१६ साली फर्स्ट सोलर कंपनीने प्रयोगशाळेत २२.१ टक्क्यांपर्यंत मजल मारली, तीही मिठाशिवाय नव्हे.

हे होतं कसं? थर सलग नसतो, रवाळ तुपासारखा कणाकणांचा असतो. उन्हाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन कणांच्या सांध्यांत अडकतात आणि वाया जातात. भाजताना कण नव्याने जुळतात, क्लोरीन सांध्यांत जाऊन बसतो. २०१४ मध्ये ओक रिज प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की सांध्यांतल्या टेल्युरियमची जागा क्लोरीनने घेतलीय, आणि त्यामुळे गळका सांधाच आता इलेक्ट्रॉन बाहेर काढायला मदत करतो!

खोट एकच. हे मीठ विषारी, शिवाय पाण्यात सहज विरघळणारं. तयार पॅनेलमधलं कॅडमियम टेल्युरियमशी घट्ट बांधलेलं आणि दोन काचांमध्ये बंद असतं, त्यामुळे पॅनेलवाल्याने उगाच घाबरू नये. काळजी करायची ती कारखान्यात ही पूड हाताळणाऱ्या कामगाराची. कॅडमियम मूत्रपिंडावर उठतं.

२०१४ मध्येच लिव्हरपूल विद्यापीठातल्या जॉन मेजर आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड वापरून पाहिलं. जपानी लोक टोफू बनवायला वापरतात, तेच! कार्यक्षमता १३ टक्क्यांच्या वर, म्हणजे विषारी मिठाच्या तोडीस तोड, आणि किंमत शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. नमुने मात्र नखाएवढे होते. कारखान्यातली काच दोन मीटर लांब असते, आणि मीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं लागावं लागतं.